पंखा फिरतो, पडदा मात्र काळा

ऑगस्टमधला सोमवार. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावातला दवाखाना. शनिवारी दुपारी पावसाने गेलेली वीज पहाटे कधीतरी परत आलेली. दहा वाजता बाहेरच्या बाकावर आठ-नऊ रुग्ण बसले आहेत आणि डॉक्टरबाईंच्या टेबलाखालचा संगणक सुरू होत नाही. त्यात नऊ वर्षांच्या नोंदी आहेत. कोणाचा रक्तदाब केव्हापासून चढला, कोणाला कोणत्या गोळीने अंगावर पुरळ उठले, कोणत्या गरोदर बाईला कितव्या महिन्यात काय दिले, सगळे त्यातच. बटण दाबले की समोरचा निळा दिवा लागतो, आत पंखा घरघरतो, पडदा मात्र काळाच. दुरुस्तीवाल्याने फोनवरच निदान सांगून टाकले, ‘मॅडम, मदरबोर्ड गेला असणार. दुकानात पाठवून द्या, सात-आठ हजार धरून चला.’

रुग्णाला न तपासता फोनवर शस्त्रक्रिया सुचवणाऱ्याबद्दल कोणत्याही डॉक्टरचे जे मत असते, तेच या डॉक्टरबाईंचे झाले. त्यांनी शेजारच्या मेडिकल दुकानातल्या, डिप्लोमाला शिकणाऱ्या मुलाला हाक मारली.

‘संगणक सुरू होत नाही’ हे वाक्य ‘पोटात दुखते’ इतकेच मोघम आहे. नेमके कुठे, केव्हापासून, हे विचारल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नसतो. बटण दाबल्यावर दिवा नाही, पंखा नाही, काहीच नाही, तर पहिला संशय विजेवर. दिवा आणि पंखा आहे पण पडदा काळा, तर रॅम, ग्राफिक्स कार्ड, मदरबोर्ड किंवा नुसती पडद्याची केबल. पडद्यावर कंपनीचे बोधचिन्ह उमटते आणि गाडी तिथेच अडते, तर डिस्क किंवा विंडोज. तीन तऱ्हांचे तीन रस्ते आहेत. पहिल्या तऱ्हेच्या दुखण्यावर तिसऱ्याचे औषध, म्हणजे विंडोज पुन्हा टाकणे, हा आपल्याकडे सर्रास होणारा प्रकार आहे. त्यात दुखणे जात नाही, नोंदी मात्र जातात.

पूर्ण ‘मेलेल्या’ संगणकांपैकी बरेच मेलेले नसतातच. भिंतीतले सॉकेट, एक्स्टेंशन बोर्ड, यूपीएस, मागची जाड वायर अशी मोठी साखळी डब्यापर्यंत पोचते आणि तिची कोणतीही कडी तुटू शकते. सॉकेटला मोबाइलचा चार्जर किंवा टेबल लॅम्प लावून पाहिला की पहिली कडी तपासून होते. मग मधले सगळे मध्यस्थ काढून संगणक थेट भिंतीला जोडून पाहावा. यूपीएसमधली १२ व्होल्टची शिसे-आम्लाची बॅटरी दोन-तीन वर्षांत थकते, उकाड्याच्या खोलीत त्याहून लवकर. थकलेला यूपीएस भार आला की मान टाकतो आणि बोल मात्र संगणकाला लागतो. डब्याच्या मागे, वायर लागते तिथे, एक छोटा काळा स्विच असतो. केर काढताना झाडूचा दांडा लागून तो बंद झाल्याने दुकानापर्यंत वाऱ्या करून आलेले डबे कमी नाहीत.

समोरचे बटण नेमके काय करते, हे समजले की पुढचे सोपे जाते. जुन्या संगणकांत ते बटण घरातल्या दिव्याच्या बटणासारखे विजेचा प्रवाहच तोडत-जोडत असे. १९९५ मध्ये इंटेलने एटीएक्स ही रचना आणली, तेव्हापासून ते बटण फक्त विनंती करते. भिंतीतली वीज चालू असेल तोवर वीजपुरवठ्याचा डबा, म्हणजे एसएमपीएस, मदरबोर्डला ५ व्होल्टची एक बारीक धार सतत देत राहतो. संगणक ‘बंद’ असतानाही. बटण दाबले की मदरबोर्ड एसएमपीएसला इशारा देतो, तो आपले बाकीचे व्होल्टेज उभे करतो, ते स्थिर झाले की ‘वीज ठीक आहे’ असा उलट निरोप पाठवतो, आणि मगच प्रोसेसर पहिली आज्ञा वाचतो. हा निरोप यायला सेकंदाचा दहावा भाग ते अर्धा सेकंद लागतो. निरोप आलाच नाही, तर पंखा क्षणभर हलतो आणि थांबतो. असे दिसले तर एसएमपीएस कमजोर आहे किंवा पुढे कुठेतरी शॉर्ट आहे.

वीज चमकून गेल्यावर किंवा दिवे कमी-जास्त झाल्यावर एसएमपीएस स्वतःच्या बचावासाठी कुलूप लावून बसतो. अशा वेळी मागची वायर पूर्ण काढावी, समोरचे बटण तीसेक सेकंद दाबून धरावे, दोन-चार मिनिटे थांबून पुन्हा जोडावे. बटण दाबून धरल्याने आत उरलेला विद्युतभार निघून जातो आणि कुलूप उघडते. मंत्रतंत्र वाटावे असा हा उपाय आहे, पण त्यामागे एवढेच साधे कारण आहे.

एसएमपीएसचा स्वतःचा पत्र्याचा डबा मात्र घरी कोणीही उघडू नये. आपल्याकडच्या २३० व्होल्टच्या विजेचे आत एकदिशा विजेत रूपांतर होते तेव्हा ती सव्वातीनशे व्होल्टच्या घरात जाते आणि एका मोठ्या कपॅसिटरमध्ये साठते. वायर काढल्यावरही ती काही काळ तिथेच असते. पंख्यात अडकलेली धूळ बाहेरूनच ब्रशने झाडावी. बाकी तो भाग बदलायचा असतो, दुरुस्त करत बसायचा नसतो.

दवाखान्यातल्या मुलाने मागची वायर चाचपायला हात घातला तेव्हा कंपाउंडर काका म्हणाले, ‘अरे, जपून. त्या पत्र्याला हात लावला की मुंग्या येतात. पहिल्यापासूनच आहे ते.’

हे ‘पहिल्यापासूनच आहे’ हाच धोक्याचा भाग. एसएमपीएसमध्ये विजेतला गोंगाट गाळायला दोन छोटे कपॅसिटर असतात. एक फेजकडून पत्र्याकडे, दुसरा न्यूट्रलकडून पत्र्याकडे. तिथून गळणारा अगदी थोडा प्रवाह अर्थिंगच्या तारेने जमिनीत जावा अशी योजना असते. अर्थिंग नसेल तर पत्रा मधल्यामध्ये, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास, लोंबकळत राहतो. प्रवाह फार थोडा असल्याने फक्त मुंग्या येतात, माणूस दगावत नाही. पण त्या मुंग्या म्हणजे भिंतीतल्या सॉकेटला अर्थिंग नाही, याचे प्रमाणपत्रच. उद्या आतली एखादी वायर खरोखर उघडी पडून पत्र्याला टेकली, तर जमिनीकडे जाण्याचा रस्ता हात लावणाऱ्याच्या अंगातून असेल, आणि दवाखान्याची फरशी पावसाळ्यात ओलीच असते. तोच सॉकेट उद्या नेब्युलायझरला किंवा निर्जंतुकीकरणाच्या भांड्याला लावला जातो. मुंग्या येत असतील तर संगणकवाल्याला नव्हे, वायरमनला बोलवावे, आणि मुख्य बोर्डावर ३० मिलिअँपिअरला तुटणारे गळतीरोधक ब्रेकर आहे का, हेही त्याच्याकडून पाहून घ्यावे. डॉक्टरबाईंनी वायरमनला फोन लावला. तो दुपारी येतो म्हणाला.

तोवर मुलाने पडद्याची केबल दोन्ही टोकांना काढून घट्ट बसवली. हे आधी करावे, कारण फुकट असते. ज्या संगणकात वेगळे ग्राफिक्स कार्ड आहे तिथे केबल त्या कार्डाला लागलेली हवी, मदरबोर्डच्या भोकाला लागली तर बहुतेक वेळा पडदा काळाच राहतो. मग प्रिंटर, पेन ड्राइव्ह, बाकी सगळे उपटून ठेवले. विसरून राहिलेल्या एखाद्या पेन ड्राइव्हवरून सुरू व्हायचा प्रयत्न करत ताटकळलेले संगणकही असतात. इथे तसे नव्हते.

प्रोसेसर जागा झाला की सर्वांत आधी मदरबोर्डवरच्या एका चिपमधला छोटा प्रोग्रॅम वाचतो. तो बायोस. हे नाव १९७०च्या दशकातल्या सीपी/एम या प्रणालीपासून चालत आले आहे. आता त्याच्या जागी यूईएफआय आले असले तरी लोक बायोसच म्हणतात. हा प्रोग्रॅम हजेरी घेतो. रॅम आहे का, पडदा दाखवणारे कार्ड आहे का, कीबोर्ड आहे का. रॅम सापडली नाही तर पडद्यावर काही लिहिण्याइतकीही ताकद त्याच्याजवळ नसते. म्हणून जुने संगणक बीप वाजवून तक्रार सांगत. किती बीप म्हणजे काय, हे कंपनीगणिक वेगळे, त्यामुळे मदरबोर्डचे पुस्तक पाहिल्याशिवाय त्यावर पैज लावू नये. हल्ली डब्यात तो छोटा स्पीकरच नसतो. बऱ्याच नव्या मदरबोर्डवर त्याऐवजी चार बारीक दिवे असतात, प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स आणि बूट असे. जो पेटून राहील तिथे घोडे अडले आहे. दवाखान्यातल्या संगणकाला ना स्पीकर होता ना दिवे.

तेव्हा रॅम. वायर काढलेली, बटण दाबून उरलेला भार घालवलेला, आणि आत हात घालण्याआधी डब्याच्या उघड्या पत्र्याला हात टेकवलेला, हा क्रम मोडू नये. अंगावरच्या स्थिर विजेचा चटका माणसाला जाणवायला काही हजार व्होल्ट लागतात, चिप त्याच्या कितीतरी खाली जळू शकते. विदर्भातल्या कोरड्या हिवाळ्यात हे जास्त, कोकणातल्या पावसात कमी, पण सवय म्हणून करावेच. रॅमच्या पट्टीच्या दोन्ही टोकांच्या खुंट्या बाहेर दाबल्या की पट्टी वर येते.

पट्टीच्या कडेला जे सोनेरी दात दिसतात, त्यांवर खरोखरच सोन्याचा मुलामा असतो. सोने गंजत नाही म्हणून. पण हा थर इतका पातळ असतो की त्यात सूक्ष्म छिद्रे राहतात आणि समुद्रकाठच्या खाऱ्या, दमट हवेत खालचा धातू त्यांतून काळवंडतो. भर म्हणून खाच आणि पट्टी तापतात-निवतात तसा त्यांच्यातला संपर्क किंचित सरकतो. पट्टी काढून पुन्हा बसवणे एवढ्यानेच दात घासले जाऊन अनेक संगणक चालू होतात. दुकानांत यावर शाळेतला खोडरबर चोळतात. त्याने काम होते हे खरे, पण खडबडीत रबराने जोर लावून घासले तर काळेपणाबरोबर सोनेही जाते, आणि रबराचा चुरा खाचेत पडतो तो वेगळाच. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या मऊ कापडाने पुसणे चांगले. दवाखान्यात ते शोधावे लागले नाही.

दोन पट्ट्या होत्या. एक बाजूला ठेवून दुसरी बसवली, वायर जोडली, बटण दाबले. पडदा उजळला. दुसरी पट्टीही बसवली, तरी उजळला. पट्ट्या चांगल्या होत्या, फक्त दात मळले होते. (नव्या डीडीआर ५ रॅमच्या संगणकात मात्र पट्टी काढघाल केल्यावर पहिल्यांदा काही मिनिटे पडदा काळा राहू शकतो. संगणक रॅमशी जुळवून घेत असतो. तेव्हा घाईने बटण दाबून तो बंद करू नये.)

पण विंडोज आले नाही. पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत ओळ आली की बूट डिव्हाइस सापडत नाही. डॉक्टरबाईंचा चेहरा उतरला, कारण या ओळीचा सरळ अर्थ हार्ड डिस्क गेली असा होतो. मुलाने सेटअप उघडले. वर तारीख होती १ जानेवारी २०१६.

ती तारीख पाहून तो हसला, आणि ते बरोबर होते. मदरबोर्डवर रुपयाएवढे एक गोल नाणे बसवलेले असते. सीआर २०३२ हे त्याचे नाव, आणि नावातच माप आहे, २० मिलिमीटर रुंद, ३.२ मिलिमीटर जाड. हा ३ व्होल्टचा लिथियम सेल संगणकाचे घड्याळ चालू ठेवतो आणि अनेक मदरबोर्डांवर सेटअपमधली निवडही धरून ठेवतो. तो पाचेक वर्षांत, कधी त्याहून उशिरा, संपतो. संपल्याचे कळत मात्र नाही, कारण भिंतीतली वीज चालू असेल तोवर ती ५ व्होल्टची बारीक धार त्याचे काम करत राहते. दोन दिवस वीज गेली आणि सेल संपल्याचे उघडे पडले. संगणक स्वतःची सगळी निवड विसरला, कारखान्यातल्या मूळ स्थितीत गेला. त्यावरचे विंडोज जुन्या ‘लेगसी’ पद्धतीने टाकलेले होते आणि मूळ स्थितीत मदरबोर्ड नव्या यूईएफआय पद्धतीनेच डिस्क शोधत होता. डिस्क जागेवर होती, यादीत तिचे नावही दिसत होते, फक्त दार चुकीचे ठोठावले जात होते. निवड बदलून लेगसी केली, जतन केली. दीड मिनिटात विंडोज आले.

हे त्या दुकानात झाले असते तर? यादीत डिस्कचे नाव आहे का, हे न पाहता विंडोज नव्याने टाकले गेले असते, ही शक्यता बरीच होती.

जुना सेल काढून टेबलावर ठेवला तसा डॉक्टरबाईंनी तो लगेच उचलला आणि दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावून कपाटात वर ठेवला. बाहेर बाकावर दोन लहान मुले होती. संगणक चालवायला ‘संपलेल्या’ या सेलमध्ये मुलाच्या अन्ननलिकेत भोक पाडण्याइतकी वीज शिल्लक असू शकते. चकतीसारख्या सेलमध्ये हा २० मिलिमीटरचा लिथियम सेलच सर्वांत वाईट, कारण लहान मुलाच्या अन्ननलिकेत तो नेमका अडकतो. ओल्या अस्तराला टेकला की प्रवाह सुरू होतो आणि सेलच्या ऋण बाजूला तीव्र क्षार तयार होतो. सेल फुटायची गरज नसते. दोन तासांत गंभीर जखम होऊ शकते. सुरुवातीला मूल नुसते लाळ गाळते, खायला नाही म्हणते किंवा ओकते, आणि सर्दी-पडसे समजून वेळ जातो. मुलाने सेल गिळल्याचा नुसता संशय आला तरी उलटी काढायला लावू नये, उजाडायची वाट पाहू नये. एक्स-रे आणि दुर्बिणीची सोय असलेल्या रुग्णालयात तडक न्यावे. एक्स-रेवर तो नाण्यासारखा दिसतो, पण कडेला दुहेरी कंगोरा असतो. रिमोट, वजनकाटा, गाडीची चावी, वाजणारे शुभेच्छापत्र, या सगळ्यांत असेच बटण सेल असतात.

डबा उघडलाच आहे तर मदरबोर्डवरच्या छोट्या नळकांड्यांवरही नजर टाकावी. हे कपॅसिटर. डोके सपाट असेल तर ठीक, पुरीसारखे फुगले असेल किंवा तपकिरी चिकट द्रव आला असेल तर तो बोर्ड जाण्याच्या वाटेवर आहे. २००० नंतरच्या काही वर्षांत जगभर लाखो संगणक याच दुखण्याने गेले, तैवानमध्ये बनलेल्या कपॅसिटरमधला सदोष द्रव हे त्याचे कारण. आता तसा साथीचा रोग नाही, पण उष्णता आहेच. तापमान दर १० अंशांनी वाढले की अशा कपॅसिटरचे आयुष्य साधारण निम्मे होते. भिंतीला चिकटवून ठेवलेला, धुळीने जाळ्या बुजलेला डबा आपले वय असे कमी करत असतो. पाली आणि झुरळे तिथेच ऊब शोधतात.

तिसरी तऱ्हा, म्हणजे पडदा उजळतो पण विंडोज उठत नाही, हिचा सर्वांत मोठा अनुभव जगाने १९ जुलै २०२४ रोजी घेतला. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने भारतीय वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी एक सदोष अद्ययावत फाइल पाठवली. चूक कळून ती ७८ मिनिटांत मागे घेतली गेली, पण तोवर मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार ८५ लाख संगणक निळ्या पडद्यावर अडकले होते. आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले, ब्रिटनमध्ये फॅमिली डॉक्टरांना रुग्णांच्या नोंदी दिसेनात. उपाय सोपा होता, सेफ मोडमध्ये जाऊन एक फाइल पुसायची. पण जो संगणक उठतच नाही त्याला दूरवरून काही सांगता येत नाही. माणसांना एकेका यंत्रापाशी जाऊन बसावे लागले, आणि तिथे दुसरीच अडचण आली. डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद होत्या आणि ४८ आकडी किल्ली कुठे लिहून ठेवली आहे, हे अनेकांना ठाऊक नव्हते.

ही किल्ली आता घरातल्या संगणकालाही लागू आहे. विंडोज ११ असलेल्या अनेक यंत्रांवर, मायक्रोसॉफ्टच्या खात्याने प्रवेश केला की डिस्क आपोआप कुलूपबंद होते. मालकाला त्याचा पत्ता नसतो. मग मदरबोर्ड बदलला किंवा सेटअपमध्ये काही हलवले की पडद्यावर तो ४८ आकड्यांचा प्रश्न येतो. किल्ली बहुधा त्या खात्यावर इंटरनेटवर जतन झालेली असते, पण ज्या मुलाने दुकानात बसून ते खाते काढून दिले त्याचाच ईमेल तिथे असेल, तर नोंदी गेल्या. संगणक चांगला चालू असतानाच ही किल्ली कागदावर उतरवून घ्यावी.

कुलूप नसेल तर मात्र डबा मेला म्हणून आतला मजकूर मरत नाही. डिस्क काढून साध्या यूएसबी पेटीत घातली की दुसऱ्या संगणकावर उघडते. दुरुस्तीला डबा पाठवताना डिस्क घरी ठेवावी, विशेषतः तीत दुसऱ्यांच्या आजारांच्या नोंदी असतील तर. याला एकच अपवाद. फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क टकटक आवाज करत असेल तर वीज लगेच तोडावी. तबकडी मिनिटाला ७२०० फेरे घेते आणि वाचणारे टोक तिच्यावर अवघ्या काही नॅनोमीटरवर तरंगते. ते टोक टेकू लागले असेल तर ‘आणखी एकदा बघू’ म्हणून दाबलेले प्रत्येक बटण मजकूर खरवडून काढते. अशी डिस्क डेटा परत मिळवणाऱ्या प्रयोगशाळेकडेच द्यावी.

दवाखान्यातली डिस्क गप्प होती. विंडोज आल्यावर डॉक्टरबाईंनी पहिले काम रुग्ण आत बोलावण्याचे केले नाही. बाहेरची हार्ड डिस्क जोडून नऊ वर्षांच्या नोंदी उतरवायला लावल्या, मग काकांना पहिल्या रुग्णाचे नाव पुकारायला सांगितले. साडेअकरा वाजले होते.

वायरमन अडीचला आला. त्याने मेन बंद करून टेबलाखालचा सॉकेट भिंतीतून ओढून बाहेर काढला. तिसऱ्या, मोठ्या भोकाच्या मागे काहीच जोडलेले नव्हते. हिरवी तार भिंतीत होती, टोकाला काळी चिकटपट्टी गुंडाळून मोकळी सोडलेली.